धन्नूची पिवळी खुर्ची

अर्जुनी मोरगाव,
९ ऑक्टोबर १९५८

चि. केवलराम यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. माझी तब्येत बरी आहे. तलाव भरलेला आहे, धान लोंबीवर आलं आहे. धन्नूचं शेवटी लिहीन.

काल तुझ्या वखारीतला चैतराम तुझा निरोप घेऊन आला. ‘बाईले सांग, कीड नोको लागाले म्हणून लाकडाले भिलाव्याचं, बिब्ब्याचं तेल सगळेच लावतात. फोड चार दिवसांत उतरते. एवढी बोंब कायले?’ बिचारा मान खाली घालून बोलला. त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर अंगणात जाऊन थुंकले. खरंच थुंकले. सख्ख्या भावाच्या नावानं थुंकायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

बोंब कायले, ते ऐक आता.

पोळा झाल्यावर मी बालकमंदिराच्या खुर्च्या घ्यायला गोंदियाला तुझ्या वखारीत आले. लेकरांच्या गुडघ्याएवढी काडी तोडून आणली होती. तू हसलास. ‘बाई, काडीचं माप त जोडे घ्याले नेतात.’ हस म्हटलं. लेकराचे पाय भुईला टेकले नाहीत तर ते दिवसभर घसरतच राहतं. कोपरे तळव्यानं चोळून पाहिले. खालच्या अंगाला हात फिरवला, कारण लेकरांची बोटं आधी तिथंच जातात. सांधे हलवले. एक खुर्ची आडवी टाकून तिच्यावर उभी राहिले. चार वर्षांच्या पोरीला एकटीला सरकवता येईल का, म्हणून उचलूनही पाहिली. तू वैतागलास. ‘काऊन एवढी तपासून राहिली? ठोकचा माल आहे, साऱ्या शाळांत जाते. भावावर भरोसा नाही का?’

खुर्च्या काळ्या चकचकीत. रंग कशाचा विचारलं, तर म्हणालास, ‘राळेचा रोगण. नातवंडं बसतील, पण कीड नाही लागणार.’ वासही राळेचाच होता. कच्चं लाकूड खपवायला खाली काय चोपडलं, ते तू बोलला नाहीस. सगळं तपासलं मी, फक्त विकणाऱ्याला तपासलं नाही. तो माझा भाऊ होता ना.

मग तू आतून एक पिवळी खुर्ची आणलीस. जुना सागवान, तिळाच्या तेलानं घासलेला. ‘हे माह्या धन्नूची. तिले हिच्यावरच बसव, दुसरीवर नोको बसू देऊ.’ मेल्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं रे! वाटलं, बायको गेल्यावर पोर माझ्या पदरात टाकून मोकळा झाला खरा, पण बापाचं काळीज जागं आहे.

खुर्च्या आल्या त्या दिवशी लेकरं किती नाचली! गावाबाहेरच्या वस्तीवरच्या, टोल्यावरच्या दसरूच्या दारी मी वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठं त्याची मुलगी यायला लागली होती. तीही नाचली. भादव्याचा उकाडा, उघड्या मांड्या घामानं लाकडाला चिकटल्या. दुसऱ्या दिवशी लेकरं सांभाळणाऱ्या आमच्या अनुसयाबाईनं एका पोराची चड्डी सोडून पाहिली आणि किंचाळली, ‘अगं माये, हा त भिलावा उतला!’

मांड्या, ढुंगणं, तळहात. टरारलेले फोड, त्यातून पाणी. आम्ही दोघी खोबऱ्याचं तेल घेऊन एकेका लेकराला पालथं घालत होतो. घरी गेल्यावरही तो वास नाकातून जाईना. दोन दिवस घास उतरला नाही, इतकी किळस. फोडांची नाही. तुझी.

लहानपणी भिलावे तोडायला जाताना आई आपल्या हातांना आधी तेल चोळायची, आठवतं? तुला आठवतं. पिवळी खुर्ची कोरडी ठेवलीस, म्हणजे चांगलंच आठवतं.

दसरू आला. मला वाटलं, शिव्या देईल. त्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाला, ‘बाई, आमचं लेकरू भुईवर बसत होतं. त्यात काय वाईट होतं?’ तेव्हापासून टोल्यावरचं एकही लेकरू आलेलं नाही. गावातल्या आयाही बालकमंदिराकडे बघून लेकराला पदराखाली ओढतात. वर्षभराची मेहनत तुझ्या एका डब्यात बुडाली.

काळ्या खुर्च्या जाळताही आल्या नाहीत, धुरानं आणखी माणसांना भिलावा उतला असता. खड्डा खणून पुरल्या.

आता धन्नूचं. निरोपात तू तिचं काहीच विचारलं नाहीस. काऊन विचारशील? तुझी पोर पिवळ्या खुर्चीवर सुखरूप आहे, हा तुझा हिशेब. बाकीची लोकांची.

ती पिवळीवर बसलीच नाही, केवलराम. पहिल्याच दिवशी भोकाड पसरलं. ‘मले एकटीलेच अशी काऊन? मले सगळ्यांसारखी काळी पाहिजे.’ मी म्हटलं, जाऊ दे, लेकरांत लेकरू. पिवळी भिंतीशी रिकामी राहिली. आणि धन्नूची सवय तुला ठाऊक आहे. दुपारी भुईवर बसून खुर्चीवर गाल टेकवते आणि झोपते.

डावा गाल सगळा सोलला आहे. डोळा सुजून मिटला आहे. डॉक्टर म्हणतात, डोळा वाचेल, गालावरचा डाग जाणार नाही. ती रडत नाही. काल मला विचारते, ‘आत्या, बाबाची खुर्ची नाही घेतली म्हणून झालं का?’

तिला काय सांगू, ते तू कळव.

पिवळी खुर्ची छोट्या आगगाडीनं परत पाठवते आहे. वखारीत दाराशीच ठेव. लेकरांसाठी कुणी माल घ्यायला आलं, तर आधी तिच्यावर बस आणि मग भाव सांग.

पोरीला भेटायला ये, मी दार लावणार नाही. पण आधी टोल्यावर दसरूच्या दारी जाऊन ये.

धन्नूची आत्या,
मंदा