माझं अकरा कडव्यांचं गाणं

४ जानेवारी, सकाळी ९.४०
निवड झाली. शेवटी झाली!
टीव्हीवर 'जोडगाणी' नावाची मालिका येते. दर भागात दोन अनोळखी कलावंत मिळून एक नवीन गाणं करतात. मी त्यांना चौदा रेकॉर्डिंगं पाठवली होती. आज त्यांच्या संगीतकाराचा, शार्दूलचा, स्वतः फोन. म्हणाला, काका, तुम्ही विचुंब्यात राहता ना, तिथे सत्यवतीबाई म्हणून धवलारीण आहेत, लग्नात विधीची गाणी, म्हणजे धवले, गातात, त्यांच्याशी ओळख करून द्याल का? मी म्हटलं, देतो, पण दुसरा कलावंत कोण? तो म्हणाला, अजून ठरायचंय.
मी म्हटलं, समजलो.
वसुंधरेला सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्याने फक्त पत्ता विचारलाय. तेहतीस वर्षं संसार करून या बाईला इशारा कळत नाही.
नवीन वर्षाचा संकल्प: रागवायचं नाही. आत्ताचा राग धरायचा नाही, तो संकल्पाच्या आधीचा.

६ जानेवारी
गाणं तयारच आहे. 'निळ्या क्षितिजाच्या गहन गाभारी.' अकरा कडवी. लग्न झालं त्या वर्षी लिहिलं, चालही माझीच. घराबाहेर कोणी ऐकलेलं नाही. घरातही पाचव्या कडव्याच्या पुढे कोणी ऐकलेलं नाही, कारण तोवर कुकरची शिट्टी होते. हे गाणं एकदा लोकांच्या कानावर पडावं, एवढंच मागणं आहे. आता पडणार.

८ जानेवारी
सत्यवतीबाईंकडे गेलो. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. बाई ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत होत्या. मी पेटी उघडली आणि गायलो. तिसऱ्या कडव्यावर त्यांनी हात वर केला. विचारलं, भाऊ, यान लगीन कवा लागतं? मी म्हटलं, हे लग्नाचं नाही, अनंताचं आहे. म्हणाल्या, मंग मना कशाला बोलवतान? मी समजावलं, पहिल्या ओळीपासून पेटीही असेल. तर म्हणाल्या, धवल्याला पेटी लागत नाय, भाऊ.
त्यांच्या मुलाने, परेशने, चहा दिला. विचारलं, काका, आमच्या गेटासमोर गाडी लावता ते तुमीच ना?
रागावलो नाही. बाहेर येऊन गेटाला लाथ मारली, ती वेगळी.

१९ जानेवारी
शार्दूलची मीटिंग. मला बोलावणं नव्हतं, पण ओळख करून द्यायची तर मी लागणारच. तिथे इरा नावाची मुलगी आली होती. मुंबईची. गिटार आणि लॅपटॉप. शार्दूल म्हणाला, ही दुसरी कलाकार. म्हणजे माझी साथीदार. चांगलं आहे, मला साथ लागेलच.
गाणं ऐकवलं. शार्दूल म्हणाला, काका, आपलं गाणं चार मिनिटांचं असतं. एका कडव्याला माझी अडीच मिनिटं होतात. शेवटी तो म्हणाला, बघू, एखादी ओळ कुठे बसते का.
बघू म्हणाला, नाही म्हणाला नाही. घरी येऊन अकराची सहा केली. स्वतःची बोटं कापल्यासारखं वाटलं. वसुंधरा म्हणाली, आता कुकरच्या शिट्टीच्या आत बसेल.

२ फेब्रुवारी
सोसायटीचे सेक्रेटरी धनेश यांना सांगितलं. त्यांनी लगेच नोटीस बोर्डावर लिहिलं: 'आपले श्री. कमलाकर पुराणिक टीव्हीवर. पार्किंगमध्ये मोठ्या पडद्यावर. अल्पोपाहार.' मी खाली 'गीतकार व संगीतकार' लिहून आलो. संध्याकाळी कोणीतरी पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. अक्षर दुसऱ्या मजल्याचं आहे. पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं. माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
संकल्प चालू आहे. फक्त दुसऱ्या मजल्याशी बोलणं बंद.

१५ फेब्रुवारी
तालीम. सत्यवतीबाईंच्या अंगणात. सहाची तीन, तीनचं एक, मग एकाची एक ओळ झाली. इरा म्हणाली, अंकल, 'गहन गाभारी' फार हेवी होतंय. मी तिला गाभारा म्हणजे काय ते पंधरा मिनिटं सांगितलं. ती हेडफोन लावून ऐकत होती.
मग नवीनच घोळ. सत्यवतीबाई म्हणाल्या, नवऱ्याबिगर धवला गायचा नाय. मांडव पायजे, हलद पायजे, पाटावर नवरा पायजे. शार्दूल म्हणाला, मावशी, शूटिंग आहे, लग्न नाही. बाई म्हणाल्या, मंग मी बी नाय. आणि परत वाल निवडायला बसल्या. सगळ्यांचे चेहरे पडले. मग बाईच म्हणाल्या, निदान नाव तरी द्या. नवऱ्याचा नाव काय घालू?
इथे माझ्यातला कलावंत जागा झाला. जुन्या कवींचं नाव शेवटच्या ओळीत येतं. आपलं नाव गाण्यात घालून घेण्याची ही संधी. मी म्हटलं, कमलाकर घाला. पाटावरही मीच बसतो. शार्दूल एवढा खूश झाला की मला मिठी मारली. मालिकेच्या मध्यभागी कोण बसणार हे आता स्पष्ट झालं.
वसुंधरेला फक्त पाटाचं सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०
शूटिंग झालं. संकल्प मोडला. मुद्देसूद लिहितो म्हणजे पुढे तक्रारीला उपयोगी पडेल.
सकाळी सातला रेशमी झब्बा घालून हजर. मांडव, आंब्याच्या डहाळ्या, पाट. मी पाटावर, पुढ्यात पेटी. पेटीसमोर माइक नाही. विचारलं तर म्हणाले, काका, लावतो. अकरा वाजले. काका, लावतो. इराचे तीन माइक, बाईंचे दोन, ढोलकीचे दोन. कोंबडा आरवला तर त्याच्यासाठी एक माणूस माइक घेऊन धावला.
मग कळलं की माझी ती एक ओळसुद्धा गाळली. चौघांदेखत. शार्दूल म्हणाला, सॉरी काका, फ्लो तुटतोय. तेहतीस वर्षं जपलेलं गाणं, आणि फ्लो! मी भात्याचा पट्टा लावला, हातांची घडी घातली, तोंड फिरवलं आणि तसाच बसून राहिलो. उठून जाणार होतो, पण पायाला मुंग्या आल्या होत्या.
नेमकं तेव्हा शूटिंग सुरू केलं. बाईंनी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला आणि गायला सुरुवात केली. ठरलेलं सोडून भलतंच. मागच्या चार बायका ओरडून साथ देत होत्या. मी शब्द ऐकले नाहीत. रागात माणसाला ऐकू येत नाही.
संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. वन टेक म्हणे. बाई जवळ आल्या, माझ्या टकलाला हळद लावली आणि म्हणाल्या, भाऊ, नवरा असाच पायजे.
झब्ब्यावर डाग पडलाय. जात नाही.

२३ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. पेटीला माइक नसला तरी आजूबाजूच्या माइकांत ती येतेच. भाता बंद होता ही गोष्ट खरी. पण एडिटिंगमध्ये हल्ली काहीही करतात. शार्दूलला मेसेज केला की मूळ अकरा कडवी इंटरनेटच्या आवृत्तीत घालावीत. त्याने अंगठा पाठवला. म्हणजे मान्य.

१५ मार्च, रात्री ८ ते ९
पार्किंगमध्ये साठ माणसं. परेशची सगळी मंडळी गाडी भरून आली, गेटासमोर लावली. अल्पोपाहार आधीच संपला. वसुंधरा पहिल्या रांगेत, नवीन साडी.
गाणं सुरू झालं. इराची गिटार, मग बाईंचा आवाज. तो आवाज आहे खरा. रागातही लिहावं लागतं. मग कॅमेरा माझ्यावर आला. पडद्यावर माझं तोंड दुचाकीच्या स्टँडपासून लिफ्टपर्यंत पसरलेलं. फुगलेलं. आणि बाई गात होत्या:
'मांडवाचे दारी कोन रुसला गो,
कमलाकर नवरा रुसला गो,
पेटी घेऊन गप बसला गो!'
साठ माणसं. एकदम हसली. दुसरा मजला तर खुर्चीवरून पडला. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा सगळे सोबत गात होते. धनेशसुद्धा, ज्यांचं मी मागच्या वर्षी पाण्याच्या बिलाचं प्रकरण मिटवलं.
मी वसुंधरेकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसून. म्हणाली, अहो, हे बरोब्बर तुम्ही आहात. घरी तेहतीस वर्षं हेच बघतेय मी! तेहतीस वर्षांत माझ्या गाण्यावर ती इतकी खूश झाली नव्हती. आणि हे माझं गाणं नव्हे.
शेवटी नावं आली. शब्द: सत्यवतीबाई. संगीत: इरा, शार्दूल. खूप खाली, बारीक अक्षरांत: 'नवरा: कमलाकर काका, विचुंबे.' आडनावसुद्धा नाही.
तक्रार करणार. लेखी.

१८ मार्च
तक्रार चार पानी झाली. वसुंधरेने वाचली. म्हणाली, पहिला परिच्छेद चांगला आहे, पुढे कुकरची शिट्टी होईल. पाठवली नाही. उद्या.
सकाळी करंजाड्यात भाजी घ्यायला गेलो. भाजीवाली मेथी बांधता बांधता गुणगुणत होती. मला बघून थांबली. मग पुन्हा सुरू केली. मोठ्याने. मेथी तिथेच टाकून आलो. वसुंधरा म्हणाली, रुसला गो.

२९ मार्च
घरात ते गाणं म्हणायला बंदी घातली. वसुंधरा ते आता बाथरूममध्ये म्हणते. दुसऱ्या ओळीला सूर उतरतो तिचा. इतका त्रास झाला की दाराबाहेर उभं राहून बरोबर सूर धरून दाखवावा लागला. आतून म्हणाली, अगंबाई, तुम्हाला पाठ आहे?

११ एप्रिल
लग्नसराई. सकाळपासून फोन. धवलारीण बाईंचा नंबर तुमच्याकडे हाय ना? मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे? तिघांना दिला. चौथा ओवे गावाहून होता, पोरीचं लग्न. त्याला नंबर दिला आणि सहज म्हटलं, सोबत पेटीवाला हवाय का? अनुभवी आहे. स्वतःची अकरा कडवी आहेत.
तो म्हणाला, धवल्याला पेटी लागत नाय, काका.
मग म्हणाला, पन तुमी रुसून बसायला येशाल का? आमची म्हातारी लय खूश होल.
मी फोन आपटला. बाल्कनीत तीन फेऱ्या मारल्या. असा अपमान आयुष्यात झाला नाही.
मग परत फोन लावला. तारीख विचारली. झब्बा वसुंधरेकडे धुवायला दिला. डाग राहू दे म्हटलं.