शेरूनं मनगट फोडलं

रविवार, संध्याकाळ

नात स्वाती मला अन् आमच्या कुत्र्याला, शेरूला, छावणी भागातल्या एका हॉटेलात नूडल खायला घेऊन गेली. त्या हॉटेलात कुत्रं चालतं म्हणे. घरच्यासारखा पहिला घास मी शेरूला काढला, पण हॉटेलच्याच बशीत. चुकलंच माझं. शेजारच्या टेबलावरचा जाड्या खेकसला, "ए म्हातारे, उद्या त्याच बशीत आम्ही खायचं का?" अन् शेरूच्या बरगडीत बूट हाणला. मी काय गप बसते? गरम सुपाचा वाडगा त्याच्या मांडीवर उलथा केला. तो बोंबलत पुन्हा लाथ घालायला धावला. मी मधी हात घातला, तर भेदरलेल्या शेरूनं माझंच मनगट फोडलं. मुडद्या, मी भांडत कुणासाठी होते?

मनगट पदराखाली झाकलं. स्वाती त्या जाड्याला आवरण्यात गुंतलेली, तिला कळलं नाय. माझा पोरगा आधीच बोलून बसलाय, "एकदा जरी चावलं, तर शहराबाहेर, पडेगावच्या पुढं सोडून येईन."

साबणानं धुतलंय. मनगट लई ठणकतंय. सकाळी एकटीच सरकारी दवाखान्यात सुई घ्यायला जाईन. कुणाचं कुत्रं इचारलं, तर गल्लीतलं म्हणून सांगीन. शेरूला घरी येऊन दोन रट्टे दिलेत मी. त्याला तेवढं बास.