गुंडाळीच्या खोल्या

३ जून
आज संग्रहालयात कामाला लागलो! सातवी नापास माणूस आणि सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची! ही म्हणाली, घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, तिथे काय शोधणार? जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून हात स्थिर आहे. डावा डोळा कधीच गेला, पण उजवा पक्का. काम असं, की समुद्रतळाच्या जुन्या गाळातून फोरॅमिनिफेरा, म्हणजे एकपेशी जिवांचे खसखशीहून बारीक शंख, ओल्या कुंचल्याने उचलायचे आणि नामशेष प्रजातींप्रमाणे वेगवेगळ्या चौकटींत लावायचे. वर्गीकरण करणाऱ्या बाई समजूतदार आहेत. कुंचला शंखांखेरीज कशालाही लावायचा नाही, हे मात्र दोनदा बजावलं.

५ जून
एका प्रजातीचं नाव काही जिभेवर बसत नाही. मी तिला गुंडाळी म्हणतो. खोलीला लागून खोली, प्रत्येक आधीच्या खोलीपेक्षा मोठी. बाई म्हणाल्या, नववी खोली झाली की आईचीच शेकडो पिल्लं होतात आणि शंख रिकामा उरतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपली बिचारी.

६ जून
डोळ्यात पापणीचा केस गेला. हातातल्या कुंचल्याने अलगद काढला. टोकावर चार खोल्यांची गुंडाळी होती, ती मग सापडेना. बाईंना सांगितलं, सांडली. खरं सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं.

७ जून
उजव्या डोळ्यापुढे पांढरा ठिपका. नीट पाहिलं तर गुंडाळी. चार खोल्या. डोळा मिटला तरी दिसते. हिला बोललो नाही. आधीच म्हणते, उरलेला डोळाही त्या वाळूत घालवाल.

९ जून
पाच. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. काही नाही म्हणाले, वयाचं आहे, थेंब घाला. कुंचल्याचं सांगायची लाज वाटली.

११ जून
सहा. बाईंना आडून विचारलं, नामशेष झालेलं पुन्हा वाढतं का? हसल्या. म्हणाल्या, आजोबा, मेलेलं वाढलं असतं तर माझं कपाट केव्हाच फुटलं असतं.

१२ जून
सात. ओळीचा अर्धा भाग झाकला जातो. चौकटी चुकल्या. बाईंनी त्या स्वतः पुन्हा लावल्या.

१३ जून
आठ. हिला सांगून टाकलं. आधी तोंडाला येईल ते बोलली, मग रडली. उद्या मोठ्या दवाखान्यात नेते म्हणाली. पण उद्या तर नऊ —

१४ जून, सकाळ
डोळा लख्ख! गुंडाळी नाही. कॅलेंडरचे आकडे दिसतात. हिला हाक मारली. हसत आली, डोळ्यात डोकावली, आणि मागे सरली. विचारते, बुबुळावर मीठ कसं सांडलं —

ठिपके. भिंतीवर, हिच्या तोंडावर, या पानावर. एकेका खोलीचे. शेकडो —

दुसरी खोली. सगळ्यांची, एकदम —

पान पांढरं होत चाललंय. ही हात धरून ओढतेय, चला म्हणतेय. थांब, एवढं लिहू दे — अजून दिसतंय, कोपऱ्यात थोडं — अजून दि