बदामाचं सरबत कुणाच्या हातचं

मुखेड, ६ मे २०२५

माझ्या नातवानं तुझ्या घरी रमचा पेला घुसळला, आन मला ते तुझ्या सुनेकडून कळावं? तेबी लग्नाच्या पंगतीत? अंजू हसत हसत सांगून राहिली का महांतेश चार दिवसांपासून अहमदपुरातच हाय, हाटेलातल्या नोकरीसाठी कसलंसं विलायती पेय शिकून राहिला, आन त्यात तिच्या सासूचं, म्हणजे तुझं, बदामाचं सरबत पडतंय. माझा घास हातातच राहिला.

आता रीत म्हणून. चि. सौ. रुद्राणीस शिवकांताअक्काचे अ. उ. आ. शरणु शरणार्थी. हिकडं सगळे बरे. म्हैस व्याली, रेडा झाला. फोनच करणार होते, पण तू स्पीकर लावतीस आन सगळी गल्ली ऐकती.

मला एवढंच सांग, ते सरबत तुझं कधीपासून झालं? तुझ्या पहिल्या बाळंतपणात मी थोरल्या बहिणीनं पाट्याशी बसून तुला शिकवलं. अन् पोरगं कुणाचं? सात वर्षांचा होईपर्यंत माझ्या कुशीत झोपला. नांदेडहून अहमदपूरला त्याला गाडी घावती, मुखेडला घावत न्हाई? त्याला तू काय चारतीस ते कळव. आन ऐक, तुझ्या हातचं सरबत घटकाभरात फाटतं, हे मला हितं बसून दिसतं.

लोभ हाय तेवढा राहू दे, वाढवायची गरज न्हाई.
शिवकांता

अहमदपूर, ११ मे

ती. अक्काच्या चरणी रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंजूला आधी रागावले, मग हसू आलं. अक्का, पोरगं तुझ्याकडं का येत न्हाई ते तुला ठाऊक हाय. दिवाळीत त्याची बाटली तू पाव्हण्यांसमोर मोरीत ओतलीस. तो म्हणला का आज्जीपुढं आता पाण्याचा गिलासबी धरायची भीती वाटती. माझी गच्चीवरची खोली मोकळी होती, दिली. मी थेंबबी चाखला न्हाई, गळ्यातल्या लिंगाची आण.

पेयाचं नाव माय ताय. दोन तऱ्हेची रम, लिंबू, संत्र्याची गोड दारू अन् बदामाचं सरबत. बर्फ माझ्या उशीच्या अभ्र्यात घालून बत्त्यानं ठेचतो. वर लिंबाची पिळलेली साल पालथी घालतो, ते म्हणे समुद्रातलं बेट, अन् पुदिन्याची काडी म्हणजे माडाचं झाड. ह्या घरात समुद्र कुणी बघितलाय!

तू म्हणलीस तसंच झालंय. सरबत फाटतं. तेल वर, पाणी खाली. पाच बार झालं. पंचवीस तारखेला नांदेडच्या हाटेलात त्याला ते साहेबांपुढं करून दाखवायचं हाय, बाजारचं बाटलीतलं सरबत चालत न्हाई. अन् माझ्या घरी, माझे बदाम खाऊन, दर पेल्याला तो काय म्हणतो? आज्जीच्यासारखं न्हाई झालं. मला कसं वाटत असंल? तेव्हा खरं सांग, बाळंतपणात मला शिकवताना तू काय चोरून ठेवलंस?

लोभ असू दे, निदान पोरापुरता तरी.
रुद्राणी

मुखेड, १५ मे

चोरून ठेवलं म्हणतीस? हाव, ठेवलं. चि. सौ. रुद्राणीस आशीर्वाद मागाहून, आधी हे ऐक.

आई गावभर सांगत फिरायची का हाताला चव एकट्या रुद्राणीच्या. माझ्या पुरणाला कुणी बरं म्हणलं न्हाई. एक सरबत तेवढं लोक माझ्याकडं मागायचे. तेबी तुला द्यायचं? एक गोष्ट गाळली. वाटतानाची हाय, ह्याच्यापुढं इचारू नको. तीस वर्षं तुझं फाटलं, मला लई बरं वाटलं. आता त्याचं फाटलं, ते न्हाई बरं वाटत.

आन बाटलीचं अर्धंच कळलं तुला. ती त्यानं कुठं ठेवली होती इचार. देवघराच्या फळीवर, विभूतीच्या डब्याला लागून! म्हणे घरात तीच जागा थंड. मी काय आरती करू बाटलीची?

आज्जीच्यासारखं न्हाई झालं, ही ओळ मी दोनदा वाचली. तुला झोंबलं ना? झोंबू दे. मला आठ दिवस झोंबलं.

आता असं करायचं. मंगळवारी रातच्याला मी बदाम भिजत घालते. बुधवारी त्यानं मुखेडला यावं. बाटल्या गोठ्यात राहतील, उंबऱ्याच्या आत न्हाई. बर्फ तिथंच ठेचावा, पुदिना हौदापाशी हाय. पाट्याशी त्यानं एकट्यानं बसायचं, मी दाखवीन. तू संगं यायचं न्हाई. आलीस तर जेवू घालीन, पण वाटताना सैपाकघराबाहेर बसवीन.

लोभ पोरगं येईपर्यंत राखून ठेवलाय.

ह्याचं उत्तर तू लिहायचं न्हाई, अंजूनंबी न्हाई. महांतेशनं लिहायचं, आपल्या हातानं, आन पहिल्याच ओळीत कोणत्या गाडीनं येतो ते.
शिवकांता