एका रिळात मावेल तेवढं

पिंपळगाव राजा, वऱ्हाड
सन १९२७

कोल्हापूरच्या सिनेमा कंपनीत रमलेल्या धन्यास झुंबरचा नमस्कार.

एका रिळाची गोष्ट लिहून पाठव, असं तुम्ही कळवलं. त्यात बोलणं नको, मनातलं नको, डोयाले दिसन तेवढंच लिहायचं. तुम्ही घरी कधी येता, हे मात्र कळवलं नाही.

न बोलता गोष्ट होते कशी, हेच मले समजून नाही राह्यलं. मी लिहिलं, बाईले नवऱ्याची आठवण येते. मंग खोडलं. आठवण कोणाले दिसते? मंग लिहिलं, बाई नवऱ्याचं ताट वाढते, वाट पाह्यते, अन् शेवटी त्याच ताटात स्वतः जेवते. पण पाहणाऱ्याले वाटन, नवरा जेवून उठला अन् ही त्याच्या उष्ट्या ताटात बसली. वेगळ्या ताटात बसवली, तर तो मेला असं वाटन. म्हणून कपायावर ठसठशीत कुंकू लिहिलं. आता कुंकू म्हणते तो हाये, ताट म्हणते तो नाही. खरं काय, हे मले तरी कुठं माहीत हाये?

सासूबाई रोज म्हणतात, "त्याचं ताट वाढ व, अन् त्यातच जेव. येईन तो." तुम्ही गेल्यापासून मी तसंच करून राह्यली.

आज मी माह्यं वेगळं ताट घेतलं. सासूबाईंचा घास हातातच राह्यला. त्या काही बोलल्या नाहीत, अन् मीबी नाही.

तुमाले अशीच गोष्ट पाह्यजे होती ना?

तुमच्या ताटावरून उठलेली,
झुंबर