पडद्यामागची कबुली

अकरावा महिना, २०

आजही आला नाही. पवित्र आत्मा.

पहाटेच्या प्रार्थनेला पायरीवर जोडे कालच्यापेक्षा कमी. थंडी म्हणावी की कंटाळा?

ह्यांनी गेल्या हिवाळ्यात प्योंगयांगला डोळ्यांनी पाहिलं — सगळी मंडळी एका आवाजात रडतेय, एकेकजण उभा राहून आपलं पाप बोलतोय. चोऱ्या, खोटी वजनं, बायका. तिथून हे घरी आले ते निम्मेच. ह्यांचा उरलेला निम्मा जीव अजून तिथंच गुडघ्यावर आहे. म्हणतात, "तिथं संजीवन आलं, ते इथंही येईल. देव काय नदी आडवी आली म्हणून थांबतो?" मी म्हटलं, "नदी तर गोठलीय, चालत येईल." हसले नाहीत. पूर्वी हसायचे.

आजपासून उपास. आत्मा येईपर्यंत अन्न नाही म्हणे. मला विचारलं नाही.

अकरावा महिना, २३ — रविवार

मंडळीचे कारभारी प्यो वडील यांनी बायबलातली आखानाची गोष्ट काढली. "एकानं तंबूत चोरीचा माल पुरला आणि सगळं इस्राएल हरलं. आपल्यातही कुणीतरी काहीतरी पुरून बसलंय. तो दगड निघाल्याशिवाय वाट मोकळी होणार नाही."

मग सुरू झालं. कुणी चोरून पितरांना पान वाढलं होतं. कुणी भावाचा बांध सरकवला होता. खुद्द प्यो वडील उठले — जिनसेंगमध्ये साध्या मुळ्या मिसळून विकल्या म्हणे. तरीच! मागच्या वर्षी त्यांचा काढा पिऊन मला कसला तो गुण आला नव्हता.

पडद्याच्या आमच्या बाजूलाही बायका उठल्या, रडल्या, बसल्या. एकटी कुसोंगवाली अक्का तेवढी दगडासारखी. ती कधीच रडत नाही. सगळे मोठ्यांदा प्रार्थना करतात तेव्हाही ओठ मिटलेले. घरी जाताना बायका तिच्यापासून चार पावलं लांब चालत होत्या.

अकरावा महिना, २५

ह्यांचे ओठ फुटलेत. पाणी तेवढं घेतात. मी पेज केली, ह्यांच्यासमोर ठेवली, उचलली, मीच प्यायले. लाज वाटली, पण प्यायले.

अक्काकडे गेले. ती बऱ्याच वर्षांपूर्वी कुसोंगहून दुसऱ्या लग्नानं या गावात आली. हा नवराही गेला, लेकही गेली. आता एकटी माग चालवते. रोज भात शिजवताना प्रचारकाच्या घरासाठी मूठभर तांदूळ बाजूला काढायची आमच्या बायकांची रीत आहे. तिची पिशवी सगळ्यांत जड असते. आम्ही खातो ते तिचंच, खरं तर.

माग थांबवला नाही तिनं. म्हणाली, "माझ्यापायी अडलंय म्हणे देवाचं येणं."

"लोक काय, काहीही बोलतात."

"मास्तर जेवत नाहीत अजून?"

"नाही."

"तग धरतील का गं?"

तिनं मागावरचा तुटलेला धागा जोडला. मग म्हणाली, "बघते. काहीतरी काढावंच लागेल आता."

अकरावा महिना, २७

आला!

प्रार्थना सुरू होती, तेवढ्यात अक्का उठली. आवाज चढवला नाही. "मी माझी पोर मारली. थंडीचे दिवस होते. ज्या खोलीत जमिनीला चुलीची ऊब पोचत नाही, तिथं तिला पालथी घातली आणि दार ओढून घेतलं. रडायची थांबली तेव्हा उघडलं."

पडद्यापलीकडे प्यो वडील धाडकन जमिनीवर पडले आणि सगळं देऊळच रडायला लागलं. बांध फुटावा तसं. पुरुषांची तोंडं जमिनीला, बायका एकमेकींच्या गळ्यात. मीही रडले. किती वेळ कोण जाणे. शेजारच्या गावचे लोक काय झालं म्हणून धावत आले आणि दारातच गुडघ्यावर बसले.

संध्याकाळी हे जेवले. दोन वाट्या पेज. जेवताना हसलेसुद्धा.

अकरावा महिना, २८

झोप नाही. बोकसिल — अक्काची लेक — देवीच्या आजारानं गेली. मला माहीत आहे, ती माझ्या मांडीवर गेली. अक्का स्वतः तापानं फणफणली होती, म्हणून पोर माझ्याकडे होती. उबदार खोलीत होती. शेवटी माझं बोट धरलं होतं तिनं.

मग काल अक्का काय बोलली?

बारावा महिना, २

देवळात मुंगीला शिरायला जागा नाही. जुगाऱ्यांनी पत्ते चुलीत घातले. भावानं भावाचा बांध परत सरकवून दिला.

अक्काला गाठलं. "तू असं का बोललीस?" माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "मास्तर जेवले ना? मग झालं."

काय ते मी समजले, ह्यांचा जीव वाचावा म्हणून खोटं बोलली! ह्यांना सांगितलं. तोंड पांढरं पडलं ह्यांचं. म्हणाले, "कुणाशी बोलू नकोस."

"खोट्यावर देव येतो?"

"आलाय ना. दिसत नाही तुला?"

दिसतंय. तेच तर.

बारावा महिना, ५

तालुक्याच्या ठाण्यातून दोघे आले. एक जपानी, एक आपल्यातला. कबुलीची बातमी तिथवर पोचली. अक्काला दोरीनं बांधून नेलं. खुनाचा गुन्हा. ती चालत गेली, मान वर. मला तर ती हलकी झाल्यासारखी वाटली, पण मला काय काय वाटतं.

प्यो वडील म्हणाले, "प्रेषित पौलही तुरुंगात गेला होता." त्यांचं काय जातंय म्हणायला.

बारावा महिना, ६

फाशी होऊ शकते म्हणे. हे पाठ फिरवून पडलेत. झोपलेले नाहीत.

बारावा महिना, ९

शेवटी मी बोलले. आधी एकटी ठाण्यावर जाऊन आले होते. बाईमाणसाचं कोण ऐकतो? प्रचारकाचा आणि मंडळीच्या वडिलांचा अंगठा आणा म्हणाले. मग राहिला एकच रस्ता.

पडद्यामागून उभी राहिले. "बोकसिल देवीच्या आजारानं गेली. माझ्या मांडीवर. त्या बाईनं काही केलेलं नाही. तुम्ही तिला आखान ठरवलंत, माझा नवरा मरायला टेकला, म्हणून ती खोटं बोलली. तुमच्यासाठी वाट करून दिली तिनं."

कुणीतरी खोकलं. मग प्यो वडिलांचा आवाज — "म्हणजे आम्ही इतके दिवस कशावर रडलो?"

हे उठले. मला वाटलं, मला गप्प करतील. म्हणाले, "माझी बायको खरं सांगतेय. उद्या आम्ही ठाण्यावर जातो." ह्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. आणि इतकी कीवही.

बारावा महिना, १३

सोडलं अक्काला! तोंड सुजलंय, दोन दात गेलेत. ठाण्यावर शेवटपर्यंत "मीच मारली" म्हणत होती. आमच्या जबानीपुढे तिचं ऐकलं नाही. शिपाई हसत होता — "वेडी आहे म्हातारी, घेऊन जा."

वाटभर एक शब्द बोलली नाही. मार खाल्लाय, बोलेल कशी.

बारावा महिना, १८

देऊळ ओस. पत्ते परत निघाले. कुणी म्हणतं प्रचारकानंच म्हातारीला पढवलं होतं. तांदळाच्या पिशव्या येत नाहीत, फक्त अक्काची आली, दाराशी ठेवून गेली, हाक न मारता.

हे भिंतीकडे तोंड करून असतात. उपास नाही, नुसतं जेवत नाहीत. आज म्हणाले, "मी एका खोट्याला देव म्हटलं." मी म्हटलं, एक जीव तर वाचला. तेवढं तरी आपल्या हातून झालं.

तेवढ्यावर उभी आहे मी.

बारावा महिना, २१

अक्काकडे पेज घेऊन गेले. माग बंद. वाटी घेतली नाही. म्हणाली, "तुझ्या मांडीवर गेली ती धाकटी. कुसोंगला थोरली होती. त्या थंड खोलीत गेली ती, नाव ठेवायच्या आधीच."

मी वाटी खाली ठेवली.

"जन्मभर पोटात होतं ते देवासमोर बाहेर काढलं होतं, पोरी. तू सगळ्यांसमोर ते पुन्हा आत घातलंस."