बोरिगुम्माच्या फाट्यावर उभी गाडी

भिलाई, कॅम्प दोन
चैत्र, १९६४

प्रिय वच्छला,

दादाचा आशीर्वाद. तुझं पत्र मी विशाखापट्टणला निघायच्या सकाळी आलं. ते खिशात घालून नेलं, बंदरावर वाचलं, आणि परतीच्या रस्ताभर ते खिशातच होतं. उत्तराला उशीर झाला, राग धरू नको. लिहायला बसलं की पाठ धरते, आणि डोळे मिटले की रस्ताच पळताना दिसतो. तुझी वहिनी कलावती म्हणते, तुम्ही झोपेतही पाय दाबून राहता, ब्रेक मारल्यासारखा. यावेळी पोस्टकार्ड न टाकता पाकीट टाकतो आहे. पोस्टमन वाचून दाखवतो म्हणाला तरी देऊ नको. चौथीपर्यंत शिकली आहेस, परसात जाऊन एकटीच वाच.

इथं सगळे ठीक आहेत. कारखान्याचं वाढीव काम जोरात चाललं आहे. रशियातून जहाजांनी सामान येतं. बहुतेक सगळं रेल्वेने येतं, पण ज्याची साहेब लोकांना घाई असते ते आमच्या ठेकेदाराच्या ट्रकांवर चढतं. तू मागे विचारलं होतं, दादा, समुद्र कसा असतो. खरं सांगू, इतक्या खेपा केल्या तरी मी तो नीट पाहिला नाही. बंदराच्या फाटकातून, क्रेनच्या पायांमधून जेवढा दिसतो तेवढाच माझा समुद्र. पेट्या चढल्या, ताडपत्री बांधली, की गाडीचं तोंड उलट्या बाजूला. सालूरपर्यंत रस्ता सरळ आहे, मग कोरापुटचा घाट लागतो. त्या घाटात गाडी रांगत चढते आणि इंजिनाची वाफ तोंडावर येते. पुढे जेपूर, मग बोरिगुम्माचा फाटा. तिथून एक रस्ता नवरंगपूरला जातो आणि दुसरा आपला, जगदलपूरवरून केशकालचा घाट, कांकेर, धमतरी आणि रायपूर. रायपूर सोडलं की कधी एकदा भट्टीचा लाल उजेड आभाळात दिसतो असं होतं. तो दिसला म्हणजे घर आलं. पण घरी दोन भाकरी खाल्ल्या, अंग टेकलं, की ठेकेदाराचा माणूस दारात. गाडी उभी राहिली नाही पाहिजे, एवढाच त्याचा हुकूम.

हे सगळं तुला केवलरामनेही सांगितलं असेल. त्याचं नाव आपल्या घरात आता कोणी घेत नाही हे मला माहीत आहे. पण मला घेतल्याशिवाय चालणार नाही. तो तुझा नवरा झाला त्याच्या आधी माझा जोडीदार होता. नागपूरला एकाच उस्तादाच्या हाताखाली आम्ही गाडी शिकलो. मीच त्याला आपल्या घरी घेऊन आलो, आणि बाबांनी तो जेवून उठायच्या आतच तुझं ठरवून टाकलं. तुला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याची गाडी बोरिगुम्माच्या फाट्यावर उभी सापडली त्याला आता दोन वर्षं होतील. माल जसाच्या तसा, किल्ली जागेवर, सीटवर त्याचा दुपट्टा घडी करून ठेवलेला. पोलीस झाले, जंगल पालथं घातलं, काही मिळालं नाही. कोणी म्हणालं वाघाने नेला, कोणी म्हणालं बाई ठेवली. दर खेपेला त्या फाट्यावर मी गाडी हळू करायचो, आणि हळू केली की वाटायचं, आपणही जरा उतरावं. ही गोष्ट मी कलावतीलाही सांगितली नाही.

मग जातीच्या पंचांनी सांगितलं, पोरीला मोकळं करा. आणि आता तुझ्या पत्रात वाचलं, अखाजीच्या सणाला तिरोड्याच्या देवाजीशी तुझा पाट लावायचा, दुसरं लग्न करायचं ठरलं. तू लिहिलंस की देवाजी माणूस शांत आहे, त्याची दोन लेकरं तुझ्यामागे फिरतात, धाकटी तर तुझ्या मांडीवरच झोपते. तू लिहिलंस, दादा, मी हो म्हटलं. बंदरावर ते वाचून मला फार बरं वाटलं. पेट्या चढत होत्या तोवर मी सावलीला बसून ते पुन्हा वाचलं. आमच्या गाड्यांवरच्या म्हाताऱ्या हिरालालला सांगितलं, माझ्या बहिणीचं चांगलं होऊन राहिलं. त्याने मला चहा पाजला.

येताना बोरिगुम्माला रस्ता अडवलेला होता. पुढे एका पुलाची दुरुस्ती चालली होती, म्हणून सगळ्या गाड्या नवरंगपूरकडून वळवत होते. पुढे माझी गाडी, मागे हिरालालची. त्या वाटेने आम्ही कधी गेलो नव्हतो. नवरंगपूरच्या अलीकडे नदी लागली. पाणी एका बाजूला पोटरीएवढं, बाकी सगळी वाळू. वाळूवर तिथल्या लोकांनी फांद्या आणि बांबूचे तट्टे टाकून गाडीवाट केली होती. चाक तट्ट्यावरून सरकलं तर गाडी तिथेच रुतायची. म्हणून एक माणूस गाडीसमोर उलट्या पावलांनी चालत हाताने दाखवत होता, डावीकडे घे, सरळ ठेव, येऊ दे. डोक्याला फडकं, दाढी वाढलेली, अंगाचा नुसता सांगाडा. मी त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हतो, हाताकडे पाहत होतो. आणि तो हात मला ओळखीचा वाटला. नागपूरचा आमचा उस्ताद असाच करायचा, अंगठा आत मुडपून चार बोटं हलवायची. ती सवय आम्हा दोघांनाच लागली होती. मी वर पाहिलं. वच्छला, तो केवलराम होता.

त्यानेही मला ओळखलं होतं. तरी हात थांबवला नाही. गाडी वाळूतून नीट काढून दिली, काठावर आणली, आणि मग उभा राहिला. मी उतरलो आणि त्याला मारलं. तोंडात मारली, छातीत मारली. त्याने हात वर केला नाही. माझ्या तोंडून एकच निघत होतं, कावून केलं असं, का म्हणून केलं. शेवटी हिरालाल धावत आला आणि मला मागून धरलं. "झन मार गा, मनखे आय," म्हणाला. मारू नको, माणूस आहे. तेव्हा माझे हात खाली आले. मग मलाच रडू आलं आणि तो मला पाणी आणायला गेला.

आम्ही झाडाखाली बसलो. त्याने सांगितलं, बाई नाही, दारू नाही, कोणाची भानगड नाही. नदीजवळ एका म्हातारीच्या पडवीत राहतो, तिची लाकडं फोडून देतो, आणि गाड्या आल्या की वाट दाखवतो. मी म्हटलं, झालं काय होतं ते सांग. त्याने काडीने वाळूत रेघा ओढल्या. मग म्हणाला, "काहीच नाही झालं, शाम. ते खेप संपली का दुसरी, दुसरी संपली का तिसरी. त्या दिवशी फाट्यावर लघवीले उतरलो. परत चढाले पाय उचलला, तं उचललाच नाही. खाली बसलो. वाटलं, जरा वेळानं चढू. मंग उठलो अन् दुसऱ्या रस्त्यानं चालत गेलो." मी विचारलं, घरी कावून नाही आला. तो म्हणाला, "येऊन काय सांगू? पाय उचलला नाही म्हणून? पहिल्या दिवशी लाज वाटली. मंग जितके दिवस गेले तितकी जास्त वाटाले लागली."

वच्छला, दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी हसलो असतो. त्याच्यावर मी चिडलो होतो, अजूनही चिडलो आहे. दोन वर्षं तू दाराकडे पाहत होतीस आणि हा तिकडे फांद्या अंथरत होता. त्याच्यापायी माय अंथरुणाला खिळली. पण तो पायाचं बोलला तेव्हा मला तोच फाटा आठवला, जिथं मलाही उतरावंसं वाटायचं, हे तुझ्यापासून लपवून काय करू.

मग त्याने तुझं विचारलं, खाली पाहत. मी मुद्दाम सगळं सांगितलं. देवाजीचं सांगितलं, लेकरांचं सांगितलं, अखाजीचं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. तिले सांगू नको मी भेटलो म्हणून. तिचं होऊन राहिलं ते होऊ दे." मी म्हटलं, तूही तेच, बाबाही तेच. तुम्ही सगळे तिचं ठरवा, ती आहेच ऐकायला. मग मी त्याला म्हटलं, मर इथंच, आणि गाडीत चढलो.

थोडं पुढे गेलो असेन. हिरालालने मागून हॉर्नवर हॉर्न मारले. मला वाटलं दोर सुटला. थांबवून मागे गेलो, तर केवलराम ताडपत्रीवर बसलेला, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून. गाडी काठ सोडताना धावत येऊन चढला होता. मी म्हटलं, पुढं येऊन बस. तो खाली उतरला, दारापर्यंत आला, कडी धरली, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला. गाडीच्या नाकाकडे पाहणंही त्याला होईना. शेवटी पुन्हा मागे चढला. सगळा रस्ता तो मागे तोंड करून बसून आला. केशकालच्या घाटात मी दर वळणावर आरशात पाहत होतो, आहे की गेला. ऊन भाजून काढत होतं. कांकेरला हिरालालने त्याला आपला गमछा दिला. तो त्याने डोक्यावरून घेतला आणि तसाच बसला.

तर असा तो आता माझ्या ओसरीवर आहे. आल्यापासून झोपूनच आहे. कलावती उठवते, तो जेवतो, परत झोपतो. काल त्याने तिला कपडे धुवायला पाणी भरून दिलं आणि विचारलं, वच्छलेचे हात दुखायचे थंडीत, अजून दुखतात का. कलावती म्हणाली, मी काय सांगू, ती येते का आमच्याकडं.

मी हे पत्र लिहितो आहे हे त्याला माहीत नाही. बाबांनाही वेगळं काही लिहिलेलं नाही. त्यांना कळलं तर ते पंचांना बोलावतील आणि सगळे मिळून पुन्हा तुझं ठरवतील. मी तुला इकडे ये असं म्हणत नाही, देवाजीला नाही म्हण असंही म्हणत नाही. देवाजी चांगला असेल, तू लिहिलंस म्हणजे असेलच. केवलराम आता गाडी चालवेल असं मला वाटत नाही. तो पहिल्यासारखा होईल का, तेही सांगता येत नाही. तो सापडला एवढंच मला माहीत आहे, आणि तू पाट लावून बसल्यावर तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर मला तुझ्या समोर उभं राहता आलं नसतं. मी ठेकेदाराला खेप जमणार नाही म्हणून सांगितलं आहे. तो ओरडला, ओरडू दे. आमगावला येऊन स्टेशनावर तुला भेटू का, की त्याला बरोबर आणू, की काहीच करू नको, एवढंच एका ओळीत लिही. ये म्हटलंस तर त्याला आणून तुझ्यासमोर उभा करतो, मग तू त्याला घरात घे नाहीतर शिव्या दे. आणि नको म्हटलंस तर मी त्याला त्याच्या नदीवर पोचवून येईन, अखाजीला कलावतीसोबत तुझ्यासाठी लुगडं घेऊन येईन, देवाजीच्या पंगतीला बसून पोटभर जेवेन, आणि तुझ्या लेकरांचा मामा होईन.

तुझाच दादा,
शामराव